होडीत तेल भरताना सांडू नये म्हणून

एक लिटर डिझेल शांत पाण्यावर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीने पसरलं, तर ते हजार चौरस मीटर पाणी झाकतं. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. इंद्रधनुष्यासारखे रंग दिसणारा तवंग साधारण ०.३ ते ५ मायक्रॉन जाडीचा असतो, तेव्हा धक्क्याला लागलेल्या होड्यांच्या आसपास दिसणारा लांबरुंद तवंग बऱ्याचदा एखाद्या तांब्याभर तेलाचा असतो. कोकणातल्या खाड्यांमध्ये हे तेल जातं कुठे, तर कालवं आणि तिसऱ्या हे शिंपले जे पाणी गाळून जगतात त्या पाण्यात, आणि खारफुटीच्या मुळांशी जिथे माशांची पिल्लं वाढतात तिथे. मांसाला डिझेलचा वास लागलेली तिसरी कोणी विकत घेत नाही. पेट्रोल असेल तर त्यात आगीची भर पडते, आणि होडीला आग लागली की माणसाला उडी मारायला पाणीच उरतं, तेही तेलाने माखलेलं.

ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन) लावलेली फायबरची होडी नव्याने घेतलेल्यांसाठी, गळाला किंवा पर्यटक फिरवायला जाणाऱ्यांसाठी आणि ट्रॉलरवर नव्याने खलाशी म्हणून चढलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. हातातल्या टाक्या, होडीत बसवलेली टाकी आणि ट्रॉलरची मोठी टाकी यांच्या भरण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. एक गोष्ट मात्र तिन्हीकडे सारखी: सांडतं ते शेवटच्या पाच लिटरांत. टाकी ‘फुल’ करायची हा आग्रह सोडला, तर सांडण्याची बहुतेक कारणं तिथेच संपतात.

नोझल उचलण्याआधी आकडा ठरवा

किती लिटर भरायचं हे पंपावर पोचण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी माहीत हव्यात: टाकीची एकूण क्षमता, आत्ता आत किती आहे आणि वर किती जागा मोकळी ठेवायची आहे.

मोकळी जागा का, तर पेट्रोल तापलं की फुगतं. दर अंश सेल्सिअसला साधारण हजारात एक भाग. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथून येणारं पेट्रोल गार असतं. तेच मे महिन्याच्या उन्हात होडीतल्या टाकीत पंधरा अंशांनी तापलं, तर शंभर लिटरचे १०१.५ लिटर होतात. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर हे वरचे दीड लिटर हवेच्या नळीतून थेट पाण्यात जातात, आणि तोपर्यंत तुम्ही घरी जेवायला बसलेले असता. डिझेल थोडं कमी फुगतं, पण फुगतं. म्हणून बसवलेली टाकी ९० टक्क्यांच्या वर नेऊ नका. १०० लिटरच्या टाकीत आत ३० असेल तर ६० टाका आणि थांबा.

आत किती आहे हे काट्यावरून ठरवू नका. काटा तरंगत्या गोळ्यावर चालतो, म्हणजे तो तेलाची उंची मोजतो. होडीचा तळ निमुळता, म्हणून टाकीही बऱ्याचदा खाली निमुळती आणि वर रुंद असते. अशा टाकीत काटा ‘अर्धा’ दाखवतो तेव्हा आत अर्ध्याहून कमी तेल असतं. त्यात होडी एका बाजूला कललेली असेल तर काटा आणखी चुकतो. वहीत नोंद ठेवणं जास्त भरवशाचं. शेवटचं किती भरलं आणि त्यानंतर इंजिन किती तास चाललं एवढं लिहिलं तरी पुरतं. ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला १५ ते २० लिटर खातं, हळू चालवलं तर बरंच कमी. चार-पाच फेऱ्यांत तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा तुम्हाला कळेल. डिझेलच्या टाकीसाठी खुणा केलेली लाकडी पट्टी आत बुडवून बघणं हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे.

पंपावर मग “फुल करा” न म्हणता “साठ लिटर” म्हणा, आणि मीटरवर साठच लावून घ्या.

हातातली टाकी: जमिनीवर ठेवूनच भरा

ओबीएमबरोबर येणारी १२ किंवा २४ लिटरची टाकी होडीत ठेवून भरण्यात काहीच अर्थ नाही. ती उचलून बाहेर काढता येते यातच तिचा सगळा फायदा आहे.

१. इंजिन बंद करा, नळीचा कनेक्टर टाकीपासून सोडवा. सोडवताना त्यातून दोन-चार थेंब गळतात, तेव्हा खाली सुती फडकं धरा.

२. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद करून टाकी होडीतून काठावर आणा. तो उघडा राहिला तर उचलताना तिथूनच पेट्रोल बाहेर येतं.

३. टाकी सपाट जमिनीवर टेकवा. रिक्षात, टेंपोच्या हौद्यात किंवा स्कूटरच्या पायरीवर ठेवून भरू नका. रबर आणि प्लॅस्टिकवर ठेवलेल्या टाकीत स्थिर वीज साठते, ती जमिनीत उतरायला वाट नसते आणि नोझल जवळ येताच ठिणगी पडू शकते.

४. हवेचा स्क्रू उघडून मग झाकण हळूहळू फिरवा. उन्हात तापलेल्या टाकीत दाब असतो. झाकण एकदम उघडलं तर तोंडावर फवारा येतो.

५. नोझल टाकीच्या तोंडाला टेकवून ठेवा, भरणं संपेपर्यंत उचलू नका. धार हळू ठेवा.

६. २४ लिटरच्या टाकीत २१ ते २२ लिटरवर थांबा. शेवटचा थेंब टाकीतच पडेल असं नोझल दोन-तीनदा हलवा, मग त्याचं तोंड वर करून बाहेर काढा.

७. झाकण लावा, हवेचा स्क्रू बंद करा, बाहेरून पुसून घ्या.

टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल मिसळावं लागतं. ५०:१ प्रमाण असेल तर २० लिटरला ४०० मिलिलिटर, २२ लिटरला ४४० मिलिलिटर. प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात बघून घ्या, नव्या इंजिनाला सुरुवातीच्या तासांत जास्त ऑइल लागतं. हे मिश्रण काठावरच करायचं: निम्मं पेट्रोल, मग मापलेलं ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, झाकण लावून टाकी हलवायची. हलत्या होडीत मापाचा ग्लास हातात धरून ऑइल ओतलं की ते पायाखाली सांडणारच, आणि ऑइलच्या डागावर घसरून माणसं पडतात.

होडीत टाकी परत बसवल्यावर ती पट्ट्याने आवळा. नळीवरच्या रबरी बल्बवरचा बाण इंजिनाकडे असला पाहिजे. बल्ब दाबायचा तो कडक होईपर्यंतच, पुढे दाबत राहिलात तर कार्बोरेटर भरून वाहतो आणि पेट्रोल इंजिनाखाली पाण्यात टपकतं. होडी उभी करून ठेवताना नळी टाकीपासून सोडवायची सवय लावा. हे फार जण करत नाहीत. टाकी उन्हात तापते, आतला दाब वाढतो, हवेचा स्क्रू बंद असतो, मग पेट्रोल एकच वाट शोधतं: नळीतून इंजिनात आणि इंजिनातून समुद्रात.

पेट्रोल साठवण्याबद्दल एक नियम लक्षात असू द्या. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे, विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय एका माणसाला एकूण ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, आणि धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं चालत नाही. पाण्याच्या बाटल्या आणि खाद्यतेलाचे डबे यासाठी कधीच वापरू नका. त्यांची झाकणं पेट्रोलच्या वाफेचा दाब धरत नाहीत.

कॅनमधून होडीत ओतायचं असेल तर

आपल्याकडच्या बहुतेक लहान बंदरांत धक्क्यावर पेट्रोलचा पंप नसतो. गावातल्या पंपावरून कॅन भरून आणायचा आणि होडीत बसवलेल्या टाकीत ओतायचा, हीच रीत. सर्वांत जास्त सांडतं ते इथे, कारण २० लिटरचा कॅन १५-१६ किलोचा होतो, तो कमरेच्या उंचीवर वाकडा धरावा लागतो आणि होडी हलत असते. कॅनमध्ये हवा गचके देत शिरते, धार तुटक होते, नरसाळं उसळतं.

उपाय साधा आहे: कॅन उचलून ओतूच नका. नळीने उतरवा. तांबे या धातूचं तोंड आणि आत गोळी असलेली झटक्याची सायफन नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. कॅन टाकीच्या तोंडापेक्षा उंच जागी घट्ट बसवायचा, तांब्याचं तोंड कॅनच्या तळाशी सोडून वरखाली चार-पाच झटके द्यायचे, धार सुरू होते. थांबवायचं तेव्हा तांब्याचं तोंड कॅनमधल्या पेट्रोलच्या वर उचलायचं. नळीत हवा शिरते आणि धार तुटते. मग नळीचं दुसरं टोक टाकीत निथळू द्यायचं. हाताने चालणारा पंपही चालतो.

तोंडाने ओढून नळी चालू करू नका. पेट्रोलचा एक घोट फुप्फुसात गेला तरी न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो. चुकून कोणी गिळलंच तर उलटी करायला लावू नका, कारण उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनलिकेत जातं. लगेच दवाखान्यात न्या.

नरसाळं वापरायचंच असेल तर धातूचं, जाळी असलेलं आणि टाकीच्या तोंडात खोल बसणारं घ्या. प्लॅस्टिकचं नरसाळं नोझल आणि टाकीमधला धातूचा संबंध तोडतं, आणि स्थिर विजेची तीच अडचण पुन्हा उभी राहते.

धक्का उंच आणि होडी खाली अशी ओहोटीची वेळ असेल तर थांबा. मुंबईच्या बाजूला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-पाच मीटरनेही बदलते. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून एका हातात कॅन घेऊन उतरण्यापेक्षा दोन तास थांबून होडी धक्क्याच्या बरोबरीला आल्यावर भरणं शहाणपणाचं. थांबणं शक्यच नसेल तर झाकण घट्ट करून कॅन दोरीने खाली सोडा, वरून कोणाच्या हातात फेकू नका.

बसवलेली टाकी आणि तिची हवेची नळी

होडीत कायमची बसवलेली टाकी भरताना गाडीची सवय घात करते. गाडीत नोझल अडकवायचा, हात सोडायचा, टाकी भरली की तो ‘टक’ करून आपोआप बंद होतो. होडीत या ‘टक’वर विसंबू नका. का ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा ओढली जाते. टाकीतलं पेट्रोल वर येऊन ते भोक बुडलं की हवा मिळेनाशी होते, आत ओढ वाढते आणि पडदा सरकून नोझल बंद होतो. म्हणजे पेट्रोल नोझलच्या टोकापर्यंत आलं तरच तो बंद होणार. होडीत भरायचं तोंड वर डेकवर असतं, तिथून जाड नळी खाली टाकीला जाते. टाकीतली हवा बाहेर जाण्यासाठी एक वेगळी बारीक नळी असते, व्हेंट, आणि तिचं तोंड होडीच्या बाहेरच्या बाजूला उघडतं. हे तोंड बऱ्याचदा डेकवरच्या तोंडापेक्षा खाली असतं. टाकी भरली की पेट्रोल दोन्ही नळ्यांत सारखंच चढतं, आणि नोझलपर्यंत पोचण्याआधी व्हेंटच्या तोंडातून बाहेर पडायला लागतं. नोझलला याची गंधवार्ताही नसते. मिनिटाला ४० लिटर या वेगाने दोन सेकंद उशीर झाला तर सव्वा लिटरहून जास्त पाण्यात.

म्हणून नव्या होडीवर पहिलं काम: व्हेंटचं तोंड कुठे आहे ते शोधा. गोल, बोटाएवढं, कडेला जाळी असलेलं. ते सापडल्याशिवाय टाकी भरू नका.

आता क्रम.

भरती असताना, होडी पाण्यावर सरळ तरंगत असताना भरा. ओहोटीत चिखलावर कललेल्या होडीत टाकीचा एक कोपरा वर येतो, तिथे हवा अडकते, आणि व्हेंट खालच्या बाजूला असेल तर टाकी अर्धवट भरलेली असतानाच पेट्रोल बाहेर येतं. ट्रेलरवर उतारावर उभ्या होडीचंही तेच.

होडी पुढे नाळेला आणि मागे, दोन्हीकडे बांधा. इंजिन, दिवे, पंखा, रेडिओ, स्टोव्ह, सगळं बंद. विडी-सिगारेट बंद. मोबाइल खिशात. प्रवाशांना काठावर उतरवा. सगळी झाकणं आणि खालच्या खोलीची दारं बंद करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, खाली तळात जाऊन साचते. हवेत ती दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की एक ठिणगी पुरते.

तळातलं पाणी काढणारा पंप आपोआप चालू होणारा असेल तर त्याचा स्विच बंद करा. ही गोष्ट विसरली जाते. नळी निसटली, तेल तळात गेलं, तरंगता स्विच वर उचलला गेला, की पंप इमानेइतबारे ते सगळं समुद्रात फेकतो.

भरायचं तोंड तेलाचंच आहे ना, हे वाचून बघा. काही होड्यांवर गोड्या पाण्याच्या टाकीचं तोंड आणि गळाची काठी उभी करायचं भोक त्याच आकाराचं, त्याच ओळीत असतं. गळाच्या भोकात पेट्रोल सोडलं तर ते थेट तळात जातं. तोंडाभोवती फडक्याचं कडं करून ठेवा.

व्हेंटच्या तोंडाखाली रुंद तोंडाची बाटली किंवा छोटा कॅन दोरीने लटकवा आणि एका माणसाला तिथे कान देऊन बसवा. भरताना व्हेंटमधून हवा फुस्स करत सारखी बाहेर येत असते. टाकी भरत आली की आवाज बदलतो, बुडबुड ऐकू येते. त्या आवाजाला “बस” म्हणायचं. नव्याने बसवून घेत असाल तर व्हेंटच्या नळीत लावायचा तेल-हवा वेगळे करणारा भागही मिळतो. तो हवा जाऊ देतो आणि तेल परत टाकीत सोडतो. पर्यटकांच्या होडीवर त्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

नोझल तोंडाच्या धातूला टेकवा, हाताने धरून ठेवा, खिट्टी लावून सोडू नका. सुरुवात हळू, मध्ये थोडी वेगाने, आणि ठरवलेल्या आकड्याच्या आधीचे पाच लिटर अगदी बारीक धारेने. आकडा आला की थांबा. मीटरवर रुपये गोल करण्यासाठी आणखी अर्धा लिटर टाकू नका. तो अर्धा लिटरच बाहेर येतो.

भरून झाल्यावर झाकण लावा, पुसा, मग सगळी झाकणं आणि दारं उघडा. तळातला पंखा असेल तर निदान चार-पाच मिनिटं चालवा. तळाशी वाकून स्वतःच्या नाकाने वास घ्या. पेट्रोलचा वास असेल तर किल्ली फिरवायची नाही, तो कुठून येतो ते सापडेपर्यंत. वास नसेल तर इंजिन सुरू करा आणि मगच माणसं चढवा.

नोझल सारखा बंद पडतो, तोंडातून पेट्रोल उसळतं

याचं कारण जवळजवळ नेहमी व्हेंटमध्येच असतं. हवेला बाहेर जायला वाट नाही, म्हणून ती भरायच्या तोंडातूनच परत येते आणि पेट्रोल घेऊन येते. नोझल पुन्हा पुन्हा दाबून जबरदस्तीने भरू नका.

व्हेंटचं तोंड बघा. मिठाचा थर असतो. होडी काही आठवडे काठावर पडून असेल तर कुंभारीण माशीने आत मातीचं घर केलेलं असतं, हे कोकणात फार वेळा होतं. जाळी काढून, तार आतवर न ढकलता, माती बाहेर ओढून काढा. मातीचा गोळा आत गेला तर पुढे फिल्टरमध्ये भेटेल. तोंड साफ असूनही त्रास होत असेल तर व्हेंटची नळी मध्येच खाली लोंबलेली असणार. त्या खोलगट भागात पेट्रोल साचतं आणि हवेची वाट बंद करतं. नळी टाकीपासून सतत वर चढत गेली पाहिजे, बाहेर पडण्याआधी वर एक वळसा घेतलेला असावा, आणि ती १६ मिलिमीटर आतल्या व्यासाची, पेट्रोलसाठीच बनवलेली असावी. बागेच्या नळीचा तुकडा इथे चालत नाही. पेट्रोलने तो फुगतो, मऊ पडतो आणि क्लिपखालून निसटतो.

ट्रॉलरवर डिझेल भरताना

डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, पण पाण्यावर जास्त दिवस टिकतं. पेट्रोल बरंचसं उडून जातं. डिझेल खडकाला, जाळ्याला, खारफुटीला चिकटतं. शिवाय इथे शेकड्यांनी लिटर भरायचं असतं आणि मोठ्या पंपाची धार गाडीच्या पंपापेक्षा बरीच जोरात असते.

एक माणूस धक्क्यावर पंपाच्या व्हॉल्व्हपाशी, दुसरा टाकीच्या तोंडाशी, आणि दोघांना एकमेकांचा हात दिसला पाहिजे. इंजिनांच्या आवाजात हाका ऐकू जात नाहीत, तेव्हा ‘सुरू’, ‘हळू’, ‘बंद’ या तीन खुणा आधी ठरवा. तांडेलाने (ट्रॉलरच्या कप्तानाने) भरण्याचा आकडा दोघांना सांगितलेला असावा. डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं भरण्याआधी लाकडी बुचांनी किंवा गुंडाळलेल्या फडक्याने बंद करा, म्हणजे सांडलं तरी ते डेकवरच राहतं आणि पुसून काढता येतं. दोन टाक्या जोडनळीने जोडलेल्या असतील तर एक भरताना दुसरीचंही झाकण आणि व्हेंट बघा. ट्रॉलर कललेला असेल तर तेल खालच्या टाकीत सरकून तिथून वाहतं. डिझेलला भरताना फेस येतो, फेस म्हणजे भरलं असं समजू नका आणि फेस बसायच्या आत वरून आणखी ओतूही नका. नळी परत देताना तिचं तोंड वर धरा. लांब नळीत बरंच तेल उरलेलं असतं, आणि ते नेमकं धक्का आणि ट्रॉलरच्या मधल्या पाण्यात पडतं.

तरीही सांडलं तर

आधी नोझल बंद. मग कोणताही स्विच लावू नका आणि काढूही नका, इंजिन सुरू करू नका. ठिणगी दोन्हीत पडते.

डेकवर सांडलेलं सुती फडक्याने किंवा लाकडाच्या भुशाने लगेच टिपा. बादलीने पाणी मारून समुद्रात ढकलणं म्हणजे पुसणं नव्हे. पाण्यावर मात्र फडकं उपयोगाचं नाही, ते पाणीच पिऊन जड होतं. त्यासाठी फक्त तेल शोषणारे पांढरे पॅड मिळतात, ते पाणी घेत नाहीत आणि तरंगत राहतात. दहा-वीस पॅड होडीत कोरड्या पिशवीत ठेवा. डिझेल असेल तर ते वारा आणि ओढ ज्या बाजूला नेत आहे तिथे पॅड टाका आणि काठीने ओढून घ्या. पेट्रोल पाण्यावर बरंचसं सांडलं असेल तर ते गोळा करायच्या मागे लागू नका. माणसं दूर करा, आजूबाजूच्या होड्यांना इंजिन सुरू करू नका म्हणून सांगा, वाफ विरू द्या.

साबण, शाम्पू, धुण्याची पावडर टाकू नका. तवंग दिसेनासा होतो हे खरं, पण तेल जात नाही. त्याचे बारीक थेंब होऊन ते खाली पाण्यात मिसळतं, जिथे माशांची अंडी आणि पिल्लं असतात. वर तरंगणारं तेल टिपता तरी येतं.

तेल तळात गेलं असेल तर पॅडने टिपा, हाताने डब्यात उपसा, आणि तो डबा झाकण लावून काठावर न्या. आवाक्याबाहेर सांडलं असेल किंवा आग लागायची भीती असेल तर बंदरावरच्या अधिकाऱ्यांना सांगा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. आगीसाठी कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी हवं, इंजिनापासून दूर, कारण इंजिनापाशी आग लागली तर तिथपर्यंत पोचता येत नाही. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पसरवतं.

अंगावर सांडलं तर कपडे आधी पाण्याने भिजवा, मग काढा, त्वचा साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी मारत राहा आणि डॉक्टरकडे जा. तेल प्यायलेले पॅड आणि फडकी झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या. किनाऱ्यावर जाळू नका.

हंगामाच्या सुरुवातीला

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होडी काठावर असते. तिच्या टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पावसाळी हवेतली ओल ओढून घेतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं आणि इंजिन अडतं. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्याही खराब करतं.

होडी पुन्हा पाण्यात सोडण्याआधी नळी पूर्ण लांबीभर हाताने वाकवून बघा. भेगा दिसल्या, चिकट लागली किंवा बल्ब दाबल्यावर कडक झाला नाही, तर नळी बदला. झाकणाचा वॉशर चपटा किंवा फाटलेला असेल तर तोही बदला, तो तेल बाहेर सोडतो आणि पावसाचं पाणी आत घेतो. भरायच्या जाड नळीला दोन्ही टोकांना दोन-दोन स्टेनलेस क्लिपा असाव्यात. पाना लावून आवळा, पण रबरात रुतेपर्यंत नको. व्हेंटच्या नळीत तोंडाने फुंकून हवा जाते का बघा, टाकी रिकामी आणि वास नसलेली असताना. मग पहिल्यांदा फक्त पाच लिटर टाका, अर्धा तास थांबा, आणि टाकीखाली, सगळ्या जोडांखाली कोरडा कागद फिरवून ओल येते का ते तपासा. कागद कोरडा निघाला तर बाकीचं भरा.